वर्खाखालचा भात

काळ्या काठाची एक सपाट बशी. तिच्यात पिवळाधमक भात, इतका सैल आणि पातळ पसरलेला की बशी कलती केली तर तोही सरकेल. आणि मधोमध सोन्याच्या वर्खाचा एक चौकोन. याशिवाय बशीत काही नाही. १९८१ मध्ये मिलान शहरात ग्वाल्तिएरो मार्केसी या शेफने हा पदार्थ मांडला आणि त्याचं नाव ठेवलं ‘तांदूळ, सोनं आणि केशर’. आज मोठ्या शहरांतल्या आधुनिक इटालियन रेस्टॉरंटांत जी मोकळी बशी, जी शांत मांडणी दिसते, तिच्या मुळाशी हा एक पदार्थ आहे, असं मला वाटतं.

सोनं पाहून पहिल्यांदा श्रीमंती आठवते. पण या बशीत स्वस्थ बसून राहिलेली वस्तू एकच आहे, आणि ती म्हणजे ते सोनं. त्याला चव नाही, वास नाही. युरोपच्या अन्ननियमांत ‘ई १७५’ या क्रमांकाखाली नोंदलेला तो एक रंग आहे. पोटात जातो आणि जसाच्या तसा बाहेर पडतो. वर्खाच्या खाली मात्र विलक्षण गडबड चाललेली असते. स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगलेले असतात. लोण्याचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात तरंगत राहतात, एकमेकांत मिसळत नाहीत. चीजमधली प्रथिनं गोळा व्हायला टपलेली असतात आणि तरी होत नाहीत. केशराचा रंग रश्श्यातून दाण्यात शिरतो. तांदूळ, पाणी, लोणी, चीज आणि चिमूटभर केशर, मुख्य सामान एवढंच. या एवढ्याशा सामानातून जे घडतं ते जितकं समजून घ्यावं तितकी माझी तरी नवलाई वाढतच जाते.

आधी मार्केसीबद्दल थोडं सांगायला हवं. त्याचा जन्म १९३०चा, मिलानचाच. आईवडिलांचा हॉटेलचा व्यवसाय. तिशी उलटून बरीच वर्षं झाल्यावर हा माणूस पुन्हा विद्यार्थी झाला आणि फ्रान्सला गेला. रोआन गावात त्र्वाग्रो बंधूंच्या स्वयंपाकघरात त्याने काम केलं. परत येऊन १९७७ मध्ये मिलानच्या बोनवेसिन दे ला रीवा रस्त्यावर त्याने स्वतःचं रेस्टॉरंट उघडलं. १९८५ मध्ये त्याला मिशेलिनचा तिसरा तारा मिळाला. इटलीत तोवर कुठल्याही रेस्टॉरंटला तीन तारे मिळाले नव्हते. त्याला चित्रकलेचा आणि संगीताचा मनापासून नाद होता. पुढे त्याने जॅक्सन पोलॉकच्या रंग शिंपडून केलेल्या चित्रांवरून माशांचा एक पदार्थ रचला. पण मला त्याचा सगळ्यात मोठा विचार दिसतो तो ‘उघडा राव्योलो’ या पदार्थात. राव्योलो म्हणजे पिठाच्या दोन पापुद्र्यांत सारण घालून कडा बंद केलेला पास्ता. मार्केसीने त्याच्या कडा बंदच केल्या नाहीत. खाली एक पापुद्रा, मध्ये सारण, वर दुसरा पापुद्रा सहज टाकलेला, आणि त्या पापुद्र्यात लाटतानाच दाबून बसवलेलं पार्सलीचं एक पान, काचेतून दिसावं तसं दिसणारं. पदार्थ तोच, फक्त जे काढता येण्यासारखं होतं ते काढून टाकलं.

त्याच्या हाताखालून जी माणसं बाहेर पडली त्यांनी आजचं मिलान घडवलं. कार्लो क्राक्को, दाविदे ओल्दानी, आंद्रेआ बेर्तोन ही नावं इटलीत घरोघरी माहीत आहेत. क्राक्कोचं रेस्टॉरंट २०१८ पासून थेट गॅलेरिया व्हित्तोरियो इमान्युएले या काचेच्या छताखालच्या प्रसिद्ध बाजारपेठेत आहे. शाकाहारी वाचकांनी एक नाव खास लक्षात ठेवावं. ते म्हणजे पिएत्रो लीमान, तोही मार्केसीचाच शिष्य. १९८९ मध्ये त्याने मिलानमध्ये ‘जोया’ नावाचं शाकाहारी रेस्टॉरंट काढलं आणि १९९६ मध्ये त्याला मिशेलिनचा तारा मिळाला. मांसाशिवाय उंची जेवण होऊच शकत नाही असं मानणाऱ्या काळात हे घडलं, ही गोष्ट लहान नाही.

अशा ठिकाणी जेवायला बसलं की आपल्याला पहिल्यांदा खटकतो तो क्रम. आपल्याकडे ताटात डावं-उजवं असतं, सगळं एकदम समोर येतं आणि कुठला घास कशाबरोबर घ्यायचा हे जेवणारा ठरवतो. इटलीत ते स्वयंपाकघर ठरवतं. आधी ‘आंतिपास्तो’, म्हणजे तोंडी लावण्यासारखं काही. मग ‘प्रीमो’, यात पास्ता किंवा भात. मग ‘सेकोंदो’, यात मासा किंवा मटण, आणि भाजी वेगळी मागवली तर वेगळी. शेवटी गोड आणि कॉफी. भात इथे कशाच्या सोबतीला येत नाही, एकटाच येतो आणि एकट्यानेच सगळं सांभाळतो. याला मिलानमध्ये एकच ठळक अपवाद आहे. वासराच्या नळीचा ‘ओस्सोबुको’ आणि केशरी रिसोटो, म्हणजे मार्केसीच्या बशीतल्यासारखा सैल भात, मात्र एकाच बशीत वाढतात. बिलावर ‘कोपेर्तो’ नावाची एक ओळ दिसते, ती पाव आणि टेबलाच्या मांडणीसाठी माणशी आकारलेली रक्कम. आणि मेनूत रिसोटोसमोर बऱ्याच ठिकाणी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की किमान दोघांसाठीच मिळेल, थांबावं लागेल. ते थांबणं कशासाठी हे कळलं की तो वेळ अजिबात रिकामा वाटत नाही.

त्यासाठी शहराबाहेर जावं लागेल. मे महिन्यात मिलानहून तुरीनकडे जाणाऱ्या आगगाडीच्या खिडकीतून बाहेर पाहिलं तर दोन्ही बाजूंना पाणीच पाणी दिसतं. बांधांनी आखलेली, आभाळ पडलेली खाचरं. तिथले लोक त्याला ‘चौकटींचा समुद्र’ म्हणतात. इटली म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गहू, द्राक्षं आणि ऑलिव्ह येतात. पण युरोपीय संघात पिकणाऱ्या भातातला जवळपास निम्मा वाटा एकट्या इटलीचा आहे आणि त्यातला बहुतेक या पो नदीच्या खोऱ्यातला. पंधराव्या शतकात इथे भात रुजला. १४७५ मध्ये मिलानचा ड्यूक गालेआत्सो मारिया स्फोर्त्सा याने फेर्राराच्या ड्यूककडे तांदळाच्या गोण्या पाठवल्याची नोंद आहे.

कोकणात किंवा मावळात भात पावसावर येतो. इथे मोसमी पाऊस नाही. शिवाय हा प्रदेश विषुववृत्तापासून इतका उत्तरेला, म्हणजे ४५ अंशांच्या आसपास आहे की वसंतातल्या रात्री भाताच्या कोंबाला गारठा सोसत नाही. मग खाचरात पाणी कशासाठी सोडायचं? तहान भागवायला तर खरंच, पण मुख्यतः ऊब धरायला. पाणी तापायला वेळ लागतो आणि निवायलाही वेळ लागतो. दिवसाचं ऊन ते धरून ठेवतं आणि रात्री हळूहळू कोंबांना देतं. म्हणजे आल्प्सच्या पायथ्याशी आशियातलं हे पीक जगतं ते पाण्याचं पांघरूण घेऊन. हे पाणी आणायला इटलीच्या एकीकरणानंतर लगेच एक अवाढव्य काम झालं. १८६३ ते १८६६ या अवघ्या तीन वर्षांत पो नदीपासून तिचीनो नदीपर्यंत ८० किलोमीटरहून अधिक लांबीचा कावूर कालवा खोदला गेला, बहुतांश हातांनी. त्या काळच्या हत्यारांनी एवढ्या वेळात हे कसं झालं असेल याचा विचार करताना मती गुंग होते. २०२२ मध्ये पो खोऱ्यात भीषण दुष्काळ पडला तेव्हा याच कालव्यांच्या प्रदेशात उभा भात करपला. इतकं सगळं पाण्यावर टेकलेलं आहे.

आणि त्या पाण्यात बायका उभ्या असायच्या. त्यांना ‘मोंदीने’ म्हणत. मेअखेरीपासून जुलैपर्यंत गुडघाभर पाण्यात, कमरेत वाकून, तण उपटायचं हे त्यांचं काम. डोक्यावर मोठी टोपी, पायाला जळवा, अंगावर डास. दूरदूरच्या गावांतून हजारो बायका आगगाड्या भरून यायच्या आणि हंगामभर राबून, ठरलेली मजुरी आणि थोडा तांदूळ घेऊन परत जायच्या. व्हेर्चेल्लीच्या भागात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात याच बायकांनी संप करून आठ तासांचा दिवस मिळवला. तेव्हा इटलीतल्या बहुतेक कामगारांना तो मिळालेला नव्हता. ज्युसेप्पे दे सांतिस या दिग्दर्शकाने १९४९ मध्ये ‘कडू तांदूळ’ या अर्थाच्या नावाचा चित्रपट त्यांच्यावर काढला. पुढे तणनाशकं आली आणि हे काम संपलं. उंची रेस्टॉरंटच्या मेनूवर तांदळाच्या जातीचं, कधी कधी शेताचंही नाव छापतात. या बायकांचं नाव त्यावर कुठे नसतं. मला तरी रिसोटोची गोष्ट त्यांच्याशिवाय सांगता येत नाही.

आता दाणा. शेफ मंडळी ज्याचं नाव आदराने घेतात तो ‘कार्नारोली’ तांदूळ जुना वगैरे नाही. १९४५ मध्ये मिलानजवळच्या पाउल्लो गावी व्हियालोने आणि लेंचिनो या दोन जातींच्या संकरातून तो तयार झाला. त्याचा मोठेपणा कळायला स्टार्चची ओळख हवी. तांदळाचा दाणा बहुतांश स्टार्चचाच असतो आणि त्यात दोन प्रकारच्या साखळ्या असतात. एक अमायलोज, जवळपास सरळ. दुसरी अमायलोपेक्टिन, तिला फांद्याच फांद्या. अमायलोज जास्त असेल तर दाणे शिजूनही सुटे राहतात, जसा बासमती. अमायलोपेक्टिनचा वाटा वाढला की भात मऊ आणि चिकट होतो, जसा आपला इंद्रायणी. रिसोटोला दोन्ही हवं असतं. दाण्याभोवती दाट, मऊ रस आणि दाताखाली मात्र दाण्याच्या गाभ्याचा कणखरपणा. कार्नारोलीत रिसोटोच्या इतर जातींच्या मानाने अमायलोज जास्त आहे, त्यामुळे बाहेरून तो रस सोडतो आणि आतून टिकून राहतो. आचेवर चूक झाली तरी तो लगेच मोडत नाही, म्हणून घाईच्या स्वयंपाकघरात त्याला एवढी किंमत.

हा तांदूळ धूत नाहीत. आपण दोन-तीन पाण्यांनी धुऊन जे पांढरं पाणी फेकून देतो, तेच इथे कमवायचं असतं. कोरडा तांदूळ आधी लोण्यात परततात, दाण्याची कड पारदर्शक दिसेपर्यंत आणि हाताला चटका बसेल इतका तापेपर्यंत. याने दाण्याचा बाहेरचा थर जरासा घट्ट होतो, म्हणजे पुढे स्टार्च एकदम न सुटता हळूहळू सुटतो. मग पांढऱ्या वाईनचा एक हबका. मग उकळता रस्सा, पळीपळीने. थंड रस्सा घातला तर शिजणं थांबतं आणि दाणा बाहेरून लगदा, आतून कच्चा होतो. साधारण ६० अंशांच्या पुढे स्टार्चचे कण पाणी शोषून फुगू लागतात. ढवळताना दाणे एकमेकांवर घासतात, वरचे फुगलेले कण सुटून रश्श्यात मिसळतात आणि रस्सा दाट होत जातो. कार्नारोलीला यासाठी सुमारे १८ मिनिटं लागतात. हाच तो मेनूतला थांबण्याचा वेळ.

खरी कमाल मात्र यानंतरच्या मिनिटात आहे. पातेलं आचेवरून उतरवतात, क्षणभर स्वस्थ ठेवतात आणि मग थंडगार लोण्याचे तुकडे व किसलेलं पार्मिजानो चीज घालून जोरजोराने हलवतात, उडवतात. याला ‘मांतेकातुरा’ म्हणतात. तेल आणि पाणी एकत्र नांदत नाहीत हे आपण शाळेत शिकतो. इथे लोण्यातली चरबी आणि रश्श्यातलं पाणी एक होतात, कारण मध्ये स्टार्चच्या लांब साखळ्या आणि चीजमधली प्रथिनं उभी असतात. चरबीचे थेंब बारीक होतात, त्यांच्याभोवती या साखळ्यांचं जाळं बसतं आणि थेंबांना पुन्हा एकत्र येऊ देत नाही. लोणी थंड का? गरम असतं तर ते पातळ होऊन तेलकट तवंग वर आला असता. थंड असलं की हळूहळू विरघळतं आणि विरघळेल तसं अडकवलं जातं. आच बंद का? कारण चीजची प्रथिनं फार तापली की गोळा होतात. यात क्रीमचा थेंब नाही. क्रीम घातलेला रिसोटो मी चांगला मानत नाही, कारण जे दाण्यातून यायला हवं ते त्यात बाहेरून ओतलेलं असतं.

नीट जमलेला रिसोटो सपाट बशीत घालून खालून तळहाताने थापटी मारली की तो आपोआप पसरतो आणि त्यात एक लाट उठते. ‘आल्लोंदा’, लाटेसारखा, हीच त्याची परीक्षा. मार्केसीची बशी सपाट होती ती यासाठीच. त्याने आणखी एक गोष्ट केली. रिसोटोची सुरुवात सहसा कांदा परतून होते. मार्केसीने भातातून कांदाच काढला. कांदा आणि पांढरी वाईन आटवून, गाळून, तो आंबट अर्क लोण्यात फेटला आणि ते आंबूस लोणी शेवटी, आचेवरून उतरवल्यावर घातलं. कांद्याची चव राहिली आणि कांदा राहिला नाही. लोण्याचा जडपणा त्या आंबटपणाने मोडला. सोन्यापेक्षा ही युक्ती मला मोलाची वाटते.

केशराबद्दल मिलानमध्ये एक आख्यायिका आहे. १५७४ मध्ये तिथल्या मोठ्या कॅथेड्रलच्या रंगीत काचा करणाऱ्या उस्तादाचा एक शागीर्द प्रत्येक रंगात केशर मिसळायचा. उस्ताद चेष्टेने म्हणायचा की एक दिवस तू भातातही केशर घालशील, आणि उस्तादाच्या मुलीच्या लग्नात त्याने खरंच घातलं. गोष्ट गोड आहे, पण ती गोष्टच. छापील पुरावा पुष्कळ नंतरचा आहे. १८२९ मध्ये मिलानच्या फेलिचे लुरास्की या स्वयंपाक्याच्या पुस्तकात पिवळ्या रिसोटोची कृती येते, आणि १८९१ मध्ये पेल्लेग्रिनो आर्तूसीच्या प्रसिद्ध पुस्तकात मिलानी रिसोटोच्या एक नाही, तीन कृती आहेत. मला नवल वाटतं ते केशराच्या रंगाचं. गाजर, टोमॅटो, लाल मिरची यांचे रंग ज्या कुळातले, त्याच कुळातला केशराचा रंग आहे. पण ते सगळे तेलात उतरतात, पाण्यात नाही. फोडणीत मिरचीचा रंग तेलाला येतो तो त्यामुळेच. केशराच्या रंगद्रव्याला, क्रोसिनला, दोन्ही टोकांना साखरेचे रेणू जोडलेले असतात आणि साखरेच्या ओढीने ते पाण्यात विरघळतं. म्हणून केशर लोण्यात परतत नाहीत, कोमट रश्श्यात भिजत घालतात. एक ग्रॅम सुक्या केशराला साधारण दीडशे फुलं लागतात, तरी चिमूटभराने अख्खं पातेलं रंगतं.

मेनूवर रिसोटोच्या शेजारी बहुधा एक रोमन पदार्थ असतो, ‘काचो ए पेपे’. पास्ता, पेकोरिनो हे मेंढीच्या दुधाचं चीज आणि काळी मिरी. तीनच वस्तू, आणि भलेभले त्यात हरतात. गरम पास्त्यावर चीज घातलं की रेशमी रस होण्याऐवजी त्याचे चिवट गोळे आणि वेगळं पाणी होतं. बार्सिलोना, द्रेस्देन, पादोवा अशा ठिकाणी काम करणाऱ्या इटालियन भौतिकशास्त्रज्ञांच्या एका गटाने हा प्रश्न प्रयोगशाळेच्या शिस्तीने सोडवला आणि २०२५ मध्ये तो ‘फिजिक्स ऑफ फ्लुइड्स’ या नियतकालिकात छापला. त्यांनी पास्ता बाजूला ठेवला; फक्त पाणी, चीज आणि स्टार्च यांचं प्रमाण बदलत, तापमान वाढवत फोटो काढले. उत्तर निघालं ते असं: चीजच्या वजनाच्या २ ते ३ टक्के स्टार्च हवा. १ टक्क्याखाली गेलात की गोळे होणार, ४ टक्क्यांपुढे गेलात की निवल्यावर रस थिजणार. म्हणजे २०० ग्रॅम चीजला ४ ते ६ ग्रॅम स्टार्च. पास्ता उकळलेल्या पाण्यात स्टार्च असतो, पण तो पुरेसा असेलच असं नाही. या कामाला त्याच वर्षी भौतिकशास्त्राचं इग नोबेल मिळालं. आधी हसू आणणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला तो पुरस्कार देतात.

हे वाचताना मला आपली ताकाची कढी आठवली. नुसतं ताक उकळलं तर फुटतं, चोथा आणि पाणी वेगळं होतं. म्हणून त्याला आधी डाळीचं पीठ लावतात. पिठातला स्टार्च फुगून दुधाच्या प्रथिनांच्या मध्ये येतो आणि त्यांना एकमेकांना बिलगू देत नाही. रोमच्या शेफने आणि कोल्हापूरच्या आजीने एकमेकांचं नावही न ऐकता एकच अडचण एकाच उपायाने सोडवली आहे.

पण प्रथिनांचे गोळे होणं हे नेहमीच संकट नसतं. २० आणि २९ मे २०१२ रोजी एमिलिया प्रांतात भूकंप झाले. पार्मिजानोची चाकं उंच फळ्यांवर रचून निदान वर्षभर, बहुधा दोन-तीन वर्षं मुरत ठेवलेली असतात. एकेक चाक साधारण ४० किलोचं, पाचशेहून अधिक लिटर दुधाचं. ते मांडवच्या मांडव कोसळले आणि लाखो चाकं फुटली किंवा चेचली गेली. मोदेना शहरातला शेफ मास्सिमो बोत्तुरा याने अशी एक कृती तयार केली की जी जगात कुणालाही घरी करता यावी आणि जिला पार्मिजानो भरपूर लागावं. काचो ए पेपेच, पण पास्त्याऐवजी तांदळाचा. चीज पाण्यात मुद्दाम तापवून त्याची प्रथिनं गोळा होऊ द्यायची. पातेलं रात्रभर ठेवायचं. सकाळी तळाशी घट्ट चोथा, वर साय आणि मध्ये स्वच्छ, खारट, दाट चवीचं पाणी मिळतं. त्या पाण्यात भात शिजवायचा आणि शेवटी तीच साय घालून घोळवायचं. लोण्याची गरजच नाही. ऑक्टोबरमध्ये ठरलेल्या एका रात्री जगभरात हजारो लोकांनी हा भात रांधला आणि फुटलेली चाकं विकली गेली. ज्या गोष्टीने रोमन पदार्थ बिघडतो, तिच्याच आधाराने बोत्तुराने एका प्रांताचा धंदा सावरायला हातभार लावला. तीन वर्षांनी, मिलानमध्ये जागतिक प्रदर्शन भरलं तेव्हा, त्याने ग्रेको भागातल्या एका बंद पडलेल्या नाट्यगृहात ‘रेफेत्तोरियो आम्ब्रोसियानो’ सुरू केलं. प्रदर्शनात उरलेलं अन्न, शिळा पाव, जास्त पिकलेली फळं, आणि जगातले नामांकित शेफ येऊन त्यातून बेघर माणसांसाठी जेवण करायचे. चर्चच्या ‘कारितास’ या संस्थेसोबत उभं राहिलेलं हे ठिकाण त्यानंतरही चालू राहिलं. आधुनिक इटालियन स्वयंपाकाचा अभिमान वाटावा अशी जागा विचाराल तर मी तीन ताऱ्यांच्या कुठल्याही दालनाआधी हिचं नाव घेईन.

तर रिसोटो समोर आला की बोलणं थांबवून लगेच खायला घ्यावं. मिलानचे जुने लोक कडेपासून मध्याकडे खात जातात, कारण कड आधी निवते आणि मध्य तोवर गरम राहतो. सगळी मेहनत काही मिनिटांच्या अवधीसाठीच केलेली असते. भात निवू लागला की अमायलोजच्या सरळ साखळ्या पुन्हा एकमेकींच्या शेजारी येऊन घट्ट बसतात, पाणी बाहेर लोटतात आणि लाट थिजते. दहा मिनिटांत तो वेगळाच पदार्थ होतो. पुन्हा गरम करून पहिली लाट परत येत नाही.

मिलानने त्यावरही उपाय काढला आहे, आणि तो मेनूवर दिसला तर सोडू नये. त्याचं नाव ‘रीजो आल साल्तो’. स्काला नाट्यगृहातला ऑपेरा सुटल्यावर रात्री उशिरा लोक तो खायला जात. आदल्या दिवशीचा थिजलेला रिसोटो लोण्यात, पसरट तव्यावर, बोटाच्या जाडीपेक्षाही पातळ थापायचा आणि दोन्ही बाजूंनी सोनेरी, कुरकुरीत होईपर्यंत भाजायचा. त्यात बांधायला अंडं लागत नाही, पीठही लागत नाही. रात्रभरात घट्ट झालेला स्टार्चच दाण्यांना धरून ठेवतो, आणि उलटताना अख्खी चकती हवेत उडवली तरी ती मोडत नाही.